खेळातून आलेलं ऑफिस

नवीन टीममध्ये गेलं की पहिल्याच दिवशी ओळखपरेड असते. नाव सांगा, अनुभव सांगा, कशाकशावर काम केलंय ते सांगा आणि शेवटी हमखास, "हॉबीज?" कुणी रविवारी येऊरला सायकल मारतो, कुणी ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनची तयारी करत असतो, कुणाला 'ट्रॅव्हलिंग' आवडतं, म्हणजे वर्षातून एकदा अलिबाग. चाळिशीला टेकलेला माणूस "मी गेम खेळतो" म्हणाला, की मात्र सगळा कॉल क्षणभर म्यूटवर जातो. मग एखादी भल्या मनाची मुलगी सांभाळून घेते, "म्हणजे मुलांबरोबर ना?"

नाही हो. आमची कन्या आठवीत आहे आणि तिला माझे गेम म्हातारे वाटतात. मी एकटाच खेळतो. रात्रीची जेवणं झाली, ओटा पुसून झाला, उद्याच्या डब्याची गवार मोडून ठेवली, की साधारण तासभर. बायको तिच्या वेबसिरीजमध्ये, मी कंट्रोलर घेऊन. या तहावर आमचा संसार सुखाने चालला आहे.

पूर्वी माझ्याकडे यावर एक ठेवणीतलं उत्तर असायचं. गेममुळे निर्णयक्षमता वाढते, हाताचा आणि डोळ्यांचा मेळ बसतो, टीमवर्क शिकायला मिळतं वगैरे. बायोडेटात घालण्याजोगं. हल्ली मी ते देत नाही. खरं तर आता माझ्याकडे त्याहून कितीतरी भक्कम पुरावे आहेत. आमचं ऑफिस नावाचं जे प्रकरण आहे, ते उकरत गेलं की तळाशी कुठेतरी कुणीतरी गेम खेळत बसलेला सापडतोच. पण हे पुरावे गोळा करता करताच त्या उत्तरातला माझा रस संपला. का, ते सांगतो.

आमचे सगळे सर्व्हर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर, म्हणजे मशीन चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरवर चालतात. लिनक्सचं घराणं युनिक्सचं आणि युनिक्सची गोष्ट सुरू होते १९६९ साली, अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये. तिथल्या केन थॉम्पसनने 'स्पेस ट्रॅव्हल' नावाचा गेम लिहिला होता. सूर्यमाला, त्यातले ग्रह, ग्रहांचे चंद्र आणि त्यांच्यामधून फिरवायचं एक यान. जमलंच तर ते कुठेतरी उतरवायचं. मोठ्या कॉम्प्युटरवर तेव्हा वेळेचे पैसे पडत आणि एका डावाचं बिल पंचाहत्तर डॉलरच्या आसपास जाई. इतकं करून गेम अडखळतच चालायचा. मग त्याने कोपऱ्यात पडून असलेलं, फारसं कुणी हात न लावणारं पीडीपी-७ नावाचं मशीन शोधलं आणि डेनिस रिचीला बरोबर घेऊन गेम त्यावर नव्याने लिहिला. त्या निमित्ताने मशीनवर हात बसला. पुढे त्याच मशीनवर आधी फाइल सिस्टिम, मग बाकीचं असं करत करत युनिक्स उभं राहिलं.

थॉम्पसनसाहेब आमच्याकडे नोकरीला असते तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनात अधूनमधून येतो. मशीन पाहिजे? सिस्टिममध्ये विनंतीचं तिकीट टाका. 'बिझनेस जस्टिफिकेशन'च्या रकान्यात काय लिहिणार? गुरूच्या चंद्रावर यान उतरवणे. कॉस्ट सेंटर कुठलं? अप्रूव्हर कोण? आणि हो, ते मशीन कुणी वापरत नाही हे लक्षात आणून दिल्याबद्दल आभार, या क्वार्टरअखेर आम्ही ते काढून टाकतोय. तिकीट क्लोज्ड.

स्लॅकचंही तेच. रात्री अकराला ज्याची 'टक टक टक' ऐकली की पोटात गोळा येतो, ते ऑफिसातल्या निरोपांचं अ‍ॅप, स्लॅक, एका बुडालेल्या गेमचं अपत्य आहे. स्ट्युअर्ट बटरफील्ड आणि मंडळींनी 'ग्लिच' नावाचा ऑनलाइन गेम काढला. २०११ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला आणि २०१२ च्या डिसेंबरात बंद पडला. गेम बनवणारी माणसं वेगवेगळ्या गावांत बसलेली, म्हणून आपापसांत बोलायला त्यांनी स्वतःपुरती एक सोय करून घेतली होती. गेम गेला, सोय उरली, तिचंच स्लॅक झालं आणि २०२१ मध्ये ते सुमारे पावणेअठ्ठावीस अब्ज डॉलरला विकलं गेलं. या बटरफील्डचा त्याआधीचाही एक गेम असाच बारगळला होता आणि त्यातून फ्लिकर ही फोटोंची साइट निघाली होती. दोनदा गेम करायला गेला आणि दोनदा गेम सोडून बाकी सगळं यशस्वी झालं. बिचाऱ्याला गेमच करायचा होता, हे कुणी लक्षात घेत नाही.

तिसरा पुरावा मी माझ्या मांडीवर ठेवून आणला होता.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला ट्यूशनचे पैसे साठवून मी लॅमिंग्टन रोडवरून ग्राफिक्स कार्ड घेतलं. दुकानदाराने मदरबोर्ड कोणता, पॉवर सप्लाय किती वॉटचा, असे दोन प्रश्न विचारले. मला दोन्ही उत्तरं पाठ होती. ग्रँट रोडवरून वेस्टर्न, दादरला बदलून सेंट्रल. दादरला फास्टमध्ये शिरताना खोका पोटाशी धरून मी पाठीने गर्दी ढकलली, आणि पुढे नशिबाने विक्रोळीच्या आत बसायला मिळालं. घरी बाबांनी खोक्याकडे पाहिलं, त्यावरच्या तलवारवाल्या बाईकडे पाहिलं आणि विचारलं, "हे कशाला?"

"अभ्यासाला," मी म्हणालो.

सपशेल थाप. पण २०१२ साली ती खरी ठरली. टोरांटो विद्यापीठातल्या अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्कीने फोटो ओळखायला शिकणारा प्रोग्राम केला तो दोन साध्या, दुकानात मिळणाऱ्या गेमिंग कार्डांवर. प्रत्येकी तीन जीबी मेमरी आणि पाच-सहा दिवसांचं ट्रेनिंग. फोटो ओळखण्याच्या त्या वर्षीच्या इमेजनेट स्पर्धेत त्याने बाकीच्यांना इतकं मागे टाकलं, की सगळं संशोधन त्या दिशेला वळलं. पोरांना राक्षसाच्या अंगावरचे खवले नीट दिसावेत म्हणून या कार्डांवरची जी चिप घडवली गेली, तिला एकाच वेळी हजारो बारीक गणितं करायची सवय होती. असे प्रोग्राम ज्यावर उभे असतात त्या न्यूरल नेटवर्कला नेमकं तेच लागतं. आज आमच्याकडे माझा कोड पहिल्यांदा एआय तपासतं आणि "या फंक्शनचं नाव अधिक अर्थपूर्ण असावं" असा शेरा मारतं. बाबांना मी अलीकडे हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तुझ्या त्या कार्डानेच तुझी नोकरी जाणार?" बाबा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात फिटर होते. यंत्र आलं की कुणाचं काय होतं, हे त्यांना सांगावं लागत नाही.

तर एवढे पुरावे हाताशी असताना मी ओळखपरेडीत छाती काढून बोलायला हवं. पण या तिन्ही गोष्टींत सुरुवातीला उपयोग कुणाच्या डोक्यात नव्हता. थॉम्पसनला यान उतरवायचं होतं, बटरफील्डला गेम चालवायचा होता आणि चिप विकणाऱ्यांना जास्त गेम खेळणारे हवे होते. उपयोग मागाहून, न बोलावता आला. पहिल्याच दिवशी कुणी "यातून निष्पन्न काय?" असं विचारलं असतं, तर तिथेच दुकान बंद. आणि ज्यांच्यातून काहीच निघालं नाही असे गेम तर अगणित आहेत. लोक ते खेळले, हसले, झोपले. मला तेही तितकेच मोलाचे वाटतात. माझ्या रात्रीच्या तासातून युनिक्स निघणार नाही, निघावं अशी इच्छाही नाही. दिवसभरात प्रत्येक अर्ध्या तासाचा हिशोब टाइमशीटमध्ये भरणाऱ्या माणसाला एक तास बिनहिशेबी हवा असतो, इतकंच.

ऑफिसला मात्र खेळाचं भलतंच आकर्षण आहे. आमच्या लर्निंग पोर्टलवर बॅज मिळतात, कॉइन मिळतात, लीडरबोर्ड असतो. सायबर सिक्युरिटीचा व्हिडिओ पुढे ढकलता येत नाही, म्हणून लोक तो आवाज बंद करून मागच्या टॅबमध्ये लावतात आणि जेवायला जातात. परत येईपर्यंत 'सिक्युरिटी चॅम्पियन'. पुरेसे कॉइन साठले की कंपनीचा लोगो असलेला मग मिळतो. कामाचा अंदाज बांधायलाही आम्ही 'प्लॅनिंग पोकर' खेळतो. २००२ मध्ये जेम्स ग्रेनिंगने ही पद्धत मांडली तेव्हा प्रत्येकाने आपल्या अंदाजाच्या आकड्याचा पत्ता काढायचा आणि सगळ्यांनी एकदम उघडायचा, म्हणजे कुणी कुणाचं बघून बोलणार नाही, अशी त्यातली खुबी होती. आमच्याकडे लीड आधी म्हणतो, "मला तर तीन वाटतात," आणि मग चॅटमध्ये एकाखाली एक तीन, तीन, तीन पडत जातात. असा पोकर आमच्या गल्लीत गणपतीच्या जागरणालाही कुणी खेळला नसता.

पैशांच्या खेळाबद्दल मी बोलत नाही. आयपीएलच्या दिवसांत आमच्या कँटीनमध्ये क्रिकेट कमी आणि लावलेल्या पैशांची चर्चा जास्त असायची. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणणारा केंद्राचा कायदा झाला, तेव्हा चार चेहरे उतरले आणि मला मुळीच वाईट वाटलं नाही.

बाबांच्या कंपनीत रिसेसला कॅरम असायचा. अर्ध्या तासाची सुट्टी. डबा दहा मिनिटांत संपवायचा आणि उरलेली वीस मिनिटं बोर्ड. बोरिक पावडर वर्गणीतून यायची. लहानपणी एकदा मी बाबांचा विसरलेला डबा घेऊन तिथे गेलो होतो, तेव्हाचा बोर्ड अजून डोळ्यांपुढे आहे. मध्यभागी प्लायवूड घासून घासून काळपट चकचकीत झालेलं, एका पॉकेटची जाळी तुटून तिथे ग्रीसच्या डब्याचं झाकण ठोकलेलं. फोरमन स्वतः खेळायचा आणि हरायचा. एका माणसाचं बोट प्रेसमध्ये गेलं होतं, तो अंगठ्याने स्ट्रायकर मारायचा आणि सगळ्यांना भारी पडायचा. भोंगा झाला की सोंगट्या तशाच ठेवून सगळे उठायचे. दुसऱ्या दिवशी डाव तिथूनच पुढे. मधल्या शिफ्टची माणसं बोर्डाला हात लावायची नाहीत, हा अलिखित करार.

आमच्याकडे बाराव्या मजल्यावर रिक्रिएशन झोन आहे. टेबल टेनिस, फूसबॉल, रंगीत बीनबॅग. भिंत काचेची आणि काचेपलीकडे डिलिव्हरी हेडची केबिन. ते टेबल नव्यासारखं आहे. क्लायंटची माणसं यायची असली की एचआरचा मेल येतो, "झोनचा मनमोकळा वापर करा," आणि मग दोन ट्रेनी मुलांना तिथे बॅट देऊन उभं केलं जातं.

विंडोजमधला सॉलिटेअर आठवतोय? तो १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टमधल्या वेस चेरी नावाच्या इंटर्नने लिहिला आणि १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर जगभर गेला. चेरीने त्यात एक 'बॉस की' ठेवली होती. साहेब आला की एक बटण दाबायचं, पत्ते गायब आणि स्क्रीनवर कामाचं काहीतरी. मायक्रोसॉफ्टने ती काढायला लावली. मला वाटतं, ते बटण ठेवायला हवं होतं. निदान प्रामाणिक होतं. आता सगळं उलट झालं आहे. आता चॅटवर आपण जागेवर आहोत हे दाखवणारा नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा पडू नये म्हणून लोक माऊस आपोआप हलवणारं यंत्र विकत घेतात. २०२४ मध्ये एका बड्या अमेरिकन बँकेने कीबोर्ड चालू असल्याचा देखावा करणाऱ्या डझनभराहून अधिक लोकांना घरी बसवलं. पूर्वी खेळ लपवायला कामाचा देखावा करायचे. आता माणूस खेळतही नसतो, नुसता चहा प्यायला उठलेला असतो, तरी देखावा करावा लागतो. फोरमनच्या डोळ्यांसमोर क्वीन घेणाऱ्या बाबांना हा प्रकार समजावून सांगताना माझी फार ओढाताण झाली.

गेमकडून घेण्यासारखं एक होतं, ते ऑफिसने घेतलंच नाही.

'सेलेस्ट' नावाचा एक गेम आहे, २०१८ सालचा. एक मुलगी डोंगर चढते. उडी मारायची, कड्याला लटकायचं, काट्यांवर पडून मरायचं. मरणं इतकं नेहमीचं, की डोळ्याचं पातं लवेपर्यंत त्याच खोलीच्या तोंडाशी पुन्हा उभे. ओरडा नाही, 'गेम ओव्हर'चं सुतक नाही. किती वेळा मेलात ते गेम मोजतो आणि वर सांगतो की या आकड्याचा अभिमान बाळगा. पण खरी कारागिरी दिसत नाही अशा जागी आहे. कड्याच्या टोकावरून पाय सुटला, तुम्ही हवेत आहात, नियमाप्रमाणे आता उडी मारता येणार नाही. तरीही त्यानंतर सेकंदाच्या दहाव्या भागात बटण दाबलंत तर गेम उडी मारू देतो. एका सेकंदात स्क्रीनवर साठ चित्रं, म्हणजे साठ फ्रेम, तेव्हा ही फार तर सहा फ्रेमची सवलत. खेळणाऱ्याला ती कळत नाही. त्याला वाटतं, आपण अगदी काठावरून मारली. बनवणाऱ्यांनी विचार असा केला आहे, की बोट जरा उशिरा पडलं तरी या माणसाला उडी मारायचीच होती, तर मारू दे. ही सोय एकट्या सेलेस्टमध्ये नाही, उड्या मारायच्या बऱ्याच गेममध्ये असते. मला कळल्यावर मी एक अख्खा शनिवार नुसता कड्यावरून उशिरा उड्या मारत बसलो.

आता आमचं स्वाइप मशीन. ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून नवी मुंबईकडे जाणारी ट्रान्स-हार्बर लोकल पकडायची, ऐरोलीला उतरायचं, समोरच आयटी पार्क. २००४ मध्ये ही लाइन सुरू झाली म्हणून तर आमच्यासारख्यांचं निभावलं, नाहीतर ठाणे-बेलापूर रोडच्या ट्रकांमागे आयुष्य गेलं असतं. जानेवारी २०२४ मध्ये दिघा गाव स्टेशन उघडेपर्यंत ऐरोली हे ठाण्यानंतरचं पहिलंच स्टेशन होतं, आताही दुसरं. कागदावर काही मिनिटांचा प्रवास. पण घोडबंदर रोडवरून स्टेशन गाठेपर्यंतच अर्धा जीव जातो. मग गाडी उशिरा, मग पुलावर गर्दी, मग लिफ्टला रांग. मशीनला यातलं काही ठाऊक नाही. दहा वाजले की लाल दिवा, आणि महिन्यातून तीन लाल दिवे म्हणजे अर्धी रजा. माणूस नऊ चाळीसला प्लॅटफॉर्मवर उभा होता, उडी मारायच्याच तयारीत होता, याची नोंद कुठेच होत नाही. बाबांच्या पंचिंग कार्डालासुद्धा पाच मिनिटांची मुभा होती.

आणि चूक कळण्याचं काय? गेममध्ये मेलो तर का मेलो ते त्याच क्षणी दिसतं. ऑफिसात मी जूनमध्ये काय चुकलो ते पुढच्या एप्रिलमध्ये अप्रेझलला समजतं, तेही "स्टेकहोल्डर मॅनेजमेंटमध्ये वाव आहे" अशा शब्दांत. 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये शत्रू मारत गेलं की उरलेले अधिक वेगाने येतात. १९७८ साली तोमोहिरो निशिकादोने तो बनवला तेव्हा हे मुद्दाम ठरवलेलं नव्हतं. स्क्रीनवर काढायची चित्रं कमी झाली की प्रोसेसरचा भार हलका होऊन वेग आपोआप वाढायचा, आणि त्यात मजा आहे म्हटल्यावर त्याने तसंच राहू दिलं. आमच्या टीममधूनही माणसं कमी झाली की उरलेले जास्त पळतात. फक्त भार कुणाचा कमी होत नाही.

मध्यंतरी बाबांनी विचारलं, "रोज रात्री हे खेळतोस, जिंकून मिळतं काय?"

मी म्हटलं, "तुम्हाला कॅरममध्ये काय मिळायचं?"

त्यांनी खरोखर विचार केला. म्हणाले, "क्वीन." मग थोडं थांबून, "पण कव्हर द्यावं लागायचं." आणि पुढचा अर्धा तास, अंगठ्याने खेळणारा तो माणूस कव्हर कसा द्यायचा, ते डायनिंग टेबलावर बाटलीच्या बुचाने करून दाखवलं.

मी गेम खेळतो ही बातमी शेवटी एचआरपर्यंत पोचलीच. मला 'एंगेजमेंट आणि गेमिफिकेशन' समितीवर घेतलं. पहिल्या मीटिंगमध्ये नव्या बॅजांची नावं ठरवायची होती. माझी पाळी आली तेव्हा मी सेलेस्टमधल्या सहा फ्रेम सांगितल्या आणि म्हटलं, बॅज राहू द्यात, ट्रान्स-हार्बर उशिरा असेल त्या दिवशी स्वाइप मशीनला पंधरा मिनिटं द्या. गाजावाजा नको, मेल नको, नुसतं मशीनमध्ये घाला. कुणाला कळायचीही गरज नाही.

सगळ्यांना कल्पना फार आवडली. "हे आपण ऑफलाइन घेऊ," असं ठरलं. मशीन आहे तसंच आहे. पोर्टलवर मात्र माझ्या नावापुढे 'इनोव्हेटर'चा बॅज आला आहे. ब्राँझ. त्याचे पन्नास कॉइन मिळाले, मगाला अजून साडेचारशे कमी आहेत.